सेवा आणि विसावा

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला तूप-हळद चोळतात, आणि पोळ्याच्या दिवशी त्या खांद्यावर जू ठेवीत नाहीत. बैलाला विसावा हवा, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. जमिनीचेही तसेच. सालोसाल एकच पीक घेतले तर रान दमते, म्हणून तो बेवड पाहतो, जमेल तेव्हा एखादा तुकडा पड ठेवतो. पण माणसाची गोष्ट आली, आणि त्यातही लोकांची सेवा करणाऱ्या माणसाची, की हे शहाणपण आपण विसरतो. "अमुक गुरुजी काय राबतात हो! दिवस बघत नाहीत, रात्र बघत नाहीत," असं कौतुक करतो. मग एक दिवस ते गुरुजी अंथरूण धरतात. किंवा त्याहून वाईट म्हणजे, कामावर येतात पण मन कामात नसते.

आज या गोष्टीचा विचार आपण ख्रिस्ती धर्मसेवेच्या उदाहरणाने करू. खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक डोळ्यांपुढे आणा. रविवारची उपासना तर आहेच. शिवाय आजाऱ्याच्या घरी प्रार्थना, लग्ने, अंत्यविधी, भाऊबंदांची भांडणे, कोणाच्या मुलाचा दाखला, कोणाबरोबर दवाखान्याची खेप. रात्री बाराला दार वाजले तरी उठायचे. "आज मला जमणार नाही," हे शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत. काम देवाचे, मग आपण थकलो असे म्हणायचे तरी कसे? म्हटले तर श्रद्धा कमी पडली, असा त्याचा अर्थ होईल, अशी त्याला भीती वाटते.

या अवस्थेला आज सर्रास 'बर्नआउट' म्हणतात. म्हणजे आतून जळून रिते होणे. १९७४ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी या शब्दाखाली जी माणसे वर्णिली, ती फुकट दवाखान्यांत तळमळीने काम करणारी माणसे होती. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ज्याला कामाची आच नाही, तो सहसा जळत नाही. पुढे २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात या अवस्थेची नोंद झाली. हा स्वतंत्र रोग नव्हे, तर कामाचा ताण दीर्घकाळ न आवरल्यामुळे येणारी स्थिती आहे, असे तेथे म्हटले आहे. तिच्या खुणा तीन: शक्ती संपून जाणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा वाटणे, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे होणे. यातली दुसरी खूण फार बोलकी. ज्या लोकांसाठी आयुष्य वाहिले, त्यांचाच वीट येऊ लागतो.

बायबल हा ग्रंथ या बाबतीत मोठा स्पष्टवक्ता आहे. तो आपल्या थोर पुरुषांचे थकणे झाकून ठेवीत नाही. जुन्या करारातला एलीया संदेष्टा पाहा. कर्मेल डोंगरावर त्याचा मोठा विजय झाला. आणि लगेच ईजबेल राणीची धमकी आली, तसा हा धीराचा पुरुष जीव घेऊन पळाला. बरोबरच्या चाकराला वाटेत मागे ठेवले, एकटाच रानात गेला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि देवाजवळ मरण मागू लागला. आता यावर देवाने काय केले? उपदेश केला का? रागावला का? नाही. त्याला झोपू दिले. मग देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिले. तो पुन्हा झोपला. पुन्हा उठवले, पुन्हा खाऊ घातले. कारण पुढची वाट लांबची होती. प्रश्न विचारले गेले ते त्यानंतर, होरेब डोंगरावर. तेथे "मी एकटाच उरलो," अशी त्याची तक्रार होती. तिला उत्तर मिळाले की तू एकटा नाहीस, तुझ्यासारखे सात हजार आहेत; आणि अलीशा नावाचा जोडीदारही त्याला नेमून दिला. आधी झोप, मग भाकर, मग बोलणे, मग सोबती. हा क्रम कोणाही घरातल्या शहाण्या आजीने ओळखावा असा आहे.

दुसरे उदाहरण मोशेचे. मिसर देशाच्या गुलामीतून सुटलेल्या लोकांचा तो पुढारी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा बसून सगळ्यांचे तंटे तोडायचा. सासरा इथ्रो भेटीला आला, त्याने हे एक दिवस पाहिले आणि जावयाला स्पष्टच सांगितले की हे काही ठीक नाही. अशाने तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. म्हणून हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर विश्वासू माणसे नेम. अवघड प्रकरणे तेवढी तुझ्याकडे येऊ देत. इथ्रोच्या बोलण्यातली मेख पाहिलीत? एकटा माणूस सगळे करतो तेव्हा त्याचे हाल होतातच, पण उन्हात खोळंबलेल्या लोकांचेही होतात. आणि जी माणसे जबाबदारीने मोठी झाली असती, ती तशीच राहून जातात. म्हणजे 'सगळे मीच करतो' हा त्याग दिसतो खरा, पण त्यात दुसऱ्याचा वाटा अडवून ठेवलेला असतो.

आता सातव्या दिवसाची, शब्बाथाची गोष्ट. दहा आज्ञांत या विसाव्याची आज्ञा आहे, आणि ती दोन ठिकाणी दोन कारणांनी सांगितली आहे. एके ठिकाणी म्हटले आहे की देवाने सहा दिवसांत सृष्टी केली व सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून. दुसरीकडे आठवण दिली आहे की तुम्ही मिसरात गुलाम होता, म्हणून. गुलामाला सुट्टी नसते. स्वतंत्र माणसाला असते. शिवाय ही सुट्टी घरधन्यापुरती नाही. दासदासी, परका पाहुणा, बैल आणि गाढव या सर्वांना ती आहे. सातव्या वर्षी जमीनही पड ठेवायची आहे. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी झगडून १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. तो मार्ग वेगळा, कारणे वेगळी. पण राबणाऱ्या माणसाला विसावा हा हक्काने हवा, हे मर्म एकच.

मात्र विसावा म्हणजे आडमुठेपणा नव्हे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२१ मध्ये रविवारच्या विश्रांतीचा कायदा केला, तेव्हा शेतकऱ्यांना त्यातून मोकळे ठेवले, कारण पेरणीची घात साधायची तर ती रविवार पाहून येत नाही. येशूच्या चरित्रातही हेच दिसते. शिष्य गावोगाव फिरून परत आले, लोकांची ये-जा इतकी की जेवायला सवड नाही. तेव्हा त्याने त्यांना एकांती चलून विसावा घ्यायला सांगितले. पण पलीकडच्या काठावर लोक आधीच येऊन थांबलेले. येशूला त्यांचा कळवळा आला. त्याने त्यांना शिकवले, जेवू घातले. विसावा मोडला. पण गोष्ट तेथे संपत नाही. लोकांना निरोप देऊन तो प्रार्थनेसाठी डोंगरावर एकटा गेला. मोडलेला विसावा सोडून दिला नाही, पुढे ढकलून का होईना, घेतला.

यावर कोणी म्हणेल, "पण महान माणसे तर स्वतःला जाळूनच गेली ना?" त्यासाठी आपल्याच देशात काम केलेली दोन माणसे शेजारी ठेवून पाहू. हेन्री मार्टिन हा तरुण इंग्रज धर्मोपदेशक १८०६ साली कलकत्त्याला उतरला. देवासाठी जळून जावे, अशी इच्छा त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली. ती अक्षरशः खरी झाली. त्याने नव्या कराराचे हिंदुस्थानी आणि फारसी भाषांतर केले, आणि छातीच्या दुखण्याने खंगलेल्या देहाने मायदेशी परतताना १८१२ साली तुर्कस्तानातील तोकात येथे, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, त्याचा अंत झाला.

दुसरा विल्यम कॅरी. तो १७९३ साली आला आणि १८३४ साली, वयाच्या ७२ व्या वर्षापर्यंत, बंगालमधील श्रीरामपुरात काम करीत राहिला. हे श्रीरामपूर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे. मराठीचे व्याकरण त्याने १८०५ मध्ये छापले. नव्या कराराचे मराठी भाषांतर १८११ मध्ये निघाले. हे एकट्याचे काम नव्हते. वॉर्डकडे छापखाना, मार्शमनकडे शाळा, कॅरीकडे भाषा. शिवाय वैजनाथशास्त्र्यांसारखे पंडित साहाय्याला. १८१२ साली छापखान्याला आग लागून हस्तलिखिते आणि खिळे जळाले, तरी काम पुन्हा उभे राहिले, कारण ते अनेक खांद्यांवर होते. कॅरीला झाडापेडांचा मोठा नाद. स्वतःच्या बागेत त्याचे मन रमे. पण याही घराला किंमत मोजावी लागली. त्याची पत्नी डोरोथी परक्या मुलखात, मूल दगावल्यानंतर, मनाने खचली आणि १८०७ साली वारली. सेवकाचा भार त्याच्या घरची माणसेही वाहतात, हे विसरू नये.

मार्टिनची थोरवी कमी करायची नाही. पण वात जळते ती तेलावर. तेल संपल्यावर वातच जळते, आणि मग उजेड नव्हे, धूर होतो.

तेव्हा करायचे काय? पाळकाचा रविवार हा ऐन कामाचा दिवस. त्याने आठवड्यातला दुसरा एखादा दिवस मोकळा ठरवावा आणि मंडळीने तो पाळावा. त्या दिवशी अडीअडचण पाहायला पंचांपैकी दोघांनी पाळीपाळीने पुढे व्हावे. आजाऱ्याला भेटणे, हिशेब ठेवणे, मुलांचा वर्ग घेणे, ही कामे वाटून घ्यावीत. पाळकाने आपल्यासारख्याच दुसऱ्या पाळकाशी मन मोकळे करावे. शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेतही हेच लागू आहे. सगळी कामे एकाच उत्साही गुरुजींच्या गळ्यात पडत असतील, तर मुख्याध्यापकांनी इथ्रो व्हावे. आणि कोणी एलीयासारखी मरणाची भाषा बोलू लागला, तर ती थट्टेवारी नेऊ नये. त्याला एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्यावे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्यासाठीच आहे.

बायबलच्या पहिल्याच अध्यायात माणूस सहाव्या दिवशी घडतो. म्हणजे त्याच्या वाट्याला आलेला पहिला पूर्ण दिवस विसाव्याचा, काम त्यानंतरचे. सगळे आटोपल्यावर विसावा घेऊ म्हणणाऱ्याला तो कधीच मिळत नाही, कारण सेवा कधी आटोपत नाही. आपण झोपलो तरी जग चालते. ते चालवणारा दुसरा कोणी आहे, एवढा विश्वास ज्याला आहे, तोच निश्चिंत डोळे मिटू शकतो. असा माणूस सकाळी उठून दार वाजवणाऱ्याला हसतमुखाने "या, बसा" म्हणतो.