उसनी हवा

खंडाळ्याचा घाट फियाटमधून चढलेल्या पिढीतला मी माणूस. अर्ध्या घाटात गाडी तापायची, मग सगळं बिऱ्हाड खाली उतरायचं, मागच्या चाकाला दगड लागायचा आणि बॉनेटमधून निघणाऱ्या वाफेकडे पाहत घरातला कर्ता पुरुष 'चढ आहे, व्हायचंच' असं म्हणायचा. एवढा आटापिटा करून वर पोचलं की उंची भरते जेमतेम दोन हजार फूट. गेल्या उन्हाळ्यात मी अशाच एका म्हाताऱ्या गाडीतून चौदा हजार फुटांवर गेलो. गाडी चालवत होती माझी लेक आणि या सहलीमागे एक प्रश्न होता. प्रश्न गाडीचा आहे, असं ती म्हणत होती.

लेक अमेरिकेत डेन्व्हरला असते. नोकरी संगणकाची, जीव मात्र मोटारींत. बारावीनंतर तिला ऑटोमोबाईल इंजिनिअरिंगला जायचं होतं. मी संगणकाचा फॉर्म आणून पुढ्यात ठेवला. तिनं तो मुकाट्यानं भरला. त्यानंतर कुठल्याही मोठ्या निर्णयात तिनं माझं मत विचारलं नाही. माझं तरी काय, निर्णय कळवला की 'छान' म्हणायचो.

तिच्या गॅरेजमध्ये १९९४ सालची लाल माझदा मियाटा आहे. दोनच माणसांची, छत मागे दुमडणारी, वजनाला हजार किलोच्या आसपास. या जपानी कंपनीच्या नावात संस्थापक मात्सुदा आहेत तसा पारशांचा अहुर मज्दही आहे, त्यामुळे मुंबईकडच्या माणसाला ही गाडी बघण्याआधीच निम्मी ओळखीची वाटते. १९८९ साली ती बाजारात आली तेव्हा तिच्या कर्त्यांनी ताकदीचा हट्ट धरलाच नव्हता. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, एवढीच त्यांची इच्छा. लेकीच्या गाडीचं इंजिन १.८ लिटरचं, कागदोपत्री १२८ अश्वशक्तीचं. कागदोपत्री अशासाठी म्हणतो, की हा हिशेब समुद्रसपाटीवरचा आणि डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच.

आता इथे थोडं शास्त्र सांगायला हवं. इंजिन हवा ओढून घेतं असं आपण म्हणतो, ते तितकंसं खरं नाही. पिस्टन खाली जातो, सिलिंडरात पोकळी होते आणि बाहेरचं वातावरण आपल्या भारानं हवा आत ढकलतं. बाहेरचा दाब कमी असला तर आत हवा कमी जाते. हवा कमी म्हणून पेट्रोलही कमी जाळायचं आणि ताकदही कमी मिळायची. डेन्व्हरला हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ८३ टक्के. म्हणजे १२८ घोड्यांपैकी वीसएक घोडे पागेतून आधीच नाहीसे झालेले.

ते परत मिळवायचे, जमल्यास थोडे जास्त आणायचे, आणि त्यासाठी लेकीनं पाच हजार डॉलर बाजूला टाकले होते. मार्ग दोन. पहिला, इंजिनाचा स्वतःचा श्वास मोकळा करायचा: हेडमधल्या हवेच्या वाटा घासून रुंद करायच्या, व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारे कॅमशाफ्ट घालायचे, मिश्रण अधिक दाबणारे पिस्टन बसवायचे, धूर झटकन बाहेर पडेल असे पाइप लावायचे आणि मग इंजिन जास्त फेऱ्यांवर पळवायचं. दुसरा मार्ग, हवा दाबून कोंबायची. त्याचे दोन प्रकार. सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो, टर्बो फिरतो बाहेर फुकट जाणाऱ्या धुराच्या झोतावर.

"बाबा, तुम्ही आयुष्यभर कर्जप्रस्ताव वाचलेत. हा वाचा," असं म्हणून तिनं एक वही माझ्यापुढे ठेवली.

बत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला आखलेली वही दिसली की चष्मा आपोआप नाकावर येतो. मी वाचली. पहिल्या मार्गात प्रत्येक सुट्या भागापुढे पाच घोडे, आठ घोडे अशा किरकोळ जमा होत्या. सगळी रक्कम संपली तरी एकूण बेरीज पंचवीस-तीसच्या वर जात नव्हती. दुसऱ्या मार्गात त्याच रकमेत साठ-सत्तर. नुसतं गणितच करायचं तर वाद नव्हता. पण दुसऱ्या मार्गाच्या खाली बारीक अक्षरात जास्त दमाचा क्लच, मोठा रेडिएटर, पेट्रोलचे नवे इंजेक्टर आणि इंजिनाच्या संगणकाची नव्यानं जुळवणी, अशी शेपूट होती. आणि 'आकस्मिक खर्च' हा रकाना दोन्हीकडे कोरा.

माझा कल पहिल्याकडे होता, हे सांगायला नकोच. स्वतःच्या श्वासावर चालणाऱ्या इंजिनाचा कारभार रोखीचा असतो. पायडल जितकं दाबाल तितकं, आणि त्याच क्षणी. टर्बोचं तसं नाही. पाय दाबला की आधी धूर वाढणार, मग त्याचं चक्र वेग घेणार, मग हवा येणार. तोवर क्षणभर काहीच घडत नाही आणि नंतर एकदम सगळी रक्कम खात्यात जमा. आधुनिक टर्बोंनी ही दिरंगाई पुष्कळ कमी केली आहे, तरी ती तीस वर्षं जुन्या गाडीत थोडीफार जाणवतेच, असं लेकच म्हणाली. शिवाय तारण काय ठेवायचं, तर इंजिन. दाबलेली हवा तापते, तापलेलं मिश्रण कधीकधी वेळेआधीच पेट घेतं आणि पिस्टनवर आतून हातोडे बसू लागतात. आपले मेकॅनिक ज्याला 'नॉकिंग' म्हणतात ते हेच. फार झालं की पिस्टन फुटतो.

मी तिला बेंटलीची गोष्ट सांगितली. निवृत्तीनंतर माणूस बरंच काही वाचतो. डब्ल्यू. ओ. बेंटली यांना सुपरचार्जर मुळीच पसंत नव्हता; जास्त ताकद हवी तर मोठं इंजिन बांधा, असं त्यांचं मत. त्यांच्याच गाड्या शर्यतीत चालवणारे सर हेन्री बर्किन यांना मात्र साडेचार लिटरच्या बेंटलीवर सुपरचार्जर बसवायचाच होता. डोरोथी पॅजेट या धनाढ्य बाईंनी पैसा पुरवला आणि ती प्रसिद्ध 'ब्लोअर' बेंटली जन्माला आली. १९३० साली ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत बर्किननं मर्सिडीजचा असा पाठलाग केला की लोक अजून त्याबद्दल लिहितात. पण शर्यत संपली तेव्हा एकही ब्लोअर रस्त्यावर नव्हती. पहिला आणि दुसरा क्रमांक बेंटलीच्याच, साडेसहा लिटरच्या, स्वतःच्या श्वासावर चालणाऱ्या गाड्यांनी पटकावला. मी विजयी मुद्रेनं चष्मा काढला.

"आणि पुढच्या वर्षी ती कंपनी बुडाली, रोल्स-रॉइसनं घेतली. हे नाही सांगितलंत," लेक म्हणाली.

बुडाली ती सुपरचार्जर नाकारल्यामुळे नव्हे, हे मी म्हणालो. पण माझी मुद्रा उतरली ती उतरलीच. मग मी ओल्ड्समोबाईल जेटफायर काढली. १९६२ साली निघालेली ही गाडी टर्बो लावून सर्वसामान्य गिऱ्हाइकाला विकलेल्या अगदी पहिल्या गाड्यांपैकी. नॉकिंग होऊ नये म्हणून तिच्या इंजिनात पाणी आणि मिथाइल अल्कोहोल यांचं मिश्रण फवारलं जायचं. त्याची वेगळी टाकी मालकानं भरायची. आता बघा, गिऱ्हाइकावर जिथे काही भरायची जबाबदारी टाकली तिथे थकबाकी आलीच. टाक्या कोरड्या पडल्या, तक्रारी वाढल्या आणि शेवटी पुष्कळांच्या गाड्यांचे टर्बो काढून तिथे साधे कार्ब्युरेटर बसवून देण्यात आले.

लेकीनं शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्ही सगळे दाखले सपाट जमिनीवरचे देताय. उद्या वर जाऊ," म्हणाली.

'वर' म्हणजे पाइक्स पीक. डेन्व्हरच्या दक्षिणेला कोलोराडो स्प्रिंग्ज आहे, त्याच्या डोक्यावरचा हा १४,११५ फुटांचा डोंगर. एकोणीस मैलांचा टोलरस्ता थेट शिखरापर्यंत जातो. १९१६ पासून याच वाटेवर मोटारींची चढणीची शर्यत होते: साडेबारा मैलांच्या आतबाहेर, १५६ वळणं. आम्ही छत उघडं टाकून निघालो. पहिल्या टप्प्यात देवदारांचा वास, खाली तळं, गाडीचा नीट एकसुरी आवाज. दहा हजारांनंतर आवाज तोच राहिला, वेग मात्र गेला. लेक तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात येत होती. बारा हजारांवर झाडं संपली. आमच्या मागे चार गाड्या साचल्या. एका वळणावर तर उतरून ढकलावं की काय असं मला वाटलं आणि चाकाला लावायला दगड शोधत मी रस्त्याकडेला नजर टाकली. जुनी सवय.

शिखरावर हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या आसपास. १२८ घोड्यांचे तिथे पंचाहत्तर-ऐंशी उरतात. माझे किती उरले होते देव जाणे. गाडीतून उतरून उपाहारगृहापर्यंत जाताना मी दोनदा थांबलो. तिथले डोनट प्रसिद्ध आहेत. एक हातात देऊन लेकीनं मला कट्ट्यावर बसवलं आणि डॉक्टर मॉस यांची गोष्ट सांगितली.

धुरावर चालणाऱ्या टर्बोचं पहिलं पेटंट १९०५ सालचं, स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांचं. पण त्याची खरी परीक्षा झाली ती १९१८ साली, आम्ही बसलो होतो त्या डोंगरावर. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि विमानं उंचावर दम टाकत होती. जनरल इलेक्ट्रिकचे सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी नावाचं बारा सिलिंडरांचं विमानाचं इंजिन ट्रकवर चढवून इथे आणलं. खाली साडेतीनशे अश्वशक्ती देणारं इंजिन वर २३० वर आलं. मग टर्बो जोडला, तेव्हा ३५६ भरली. एवढं होईतो युद्धच संपलं. पुढे १९२० च्या फेब्रुवारीत मेजर श्रोडर यांनी असाच टर्बो लावलेलं विमान तेहतीस हजार फुटांवर नेलं. इंजिन व्यवस्थित चाललं. प्राणवायू संपला तो श्रोडरांचा. ते बेशुद्ध पडले, विमान कित्येक मैल खाली कोसळलं, मग शुद्ध आली आणि थंडीनं डोळे गोठलेल्या अवस्थेत त्यांनी ते उतरवलं.

"कळलं का बाबा?" लेक म्हणाली. "टर्बो शर्यतीसाठी नव्हता काढला. डोंगरानं जे काढून घेतलं ते परत मिळवायला काढला."

सुपरचार्जर का नको, हेही तिनं तिथेच सांगितलं. त्याच्या फेऱ्या इंजिनाला बांधलेल्या. विरळ हवा आली तर तो तिचीच ठरावीक पट करून देणार. टर्बोला मात्र हवा विरळ झाली की जास्त वेगानं फिरून तूट भरून काढता येते. (या शर्यतीचा विक्रम सध्या एका विजेच्या गाडीच्या नावावर आहे. २०१८ साली ती आठ मिनिटांच्या आत वर पोचली. विजेच्या मोटारीला श्वासच घ्यावा लागत नाही, त्यामुळे तिथे आमच्या वादाला जागाच उरत नाही.)

उतरताना मी गप्प होतो. लेकही गप्प होती, पण तिचं कारण वेगळं. विरळ हवेचा हिशेब धरूनही गाडी जरा जास्तच दमली, असं तिला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं स्पार्क प्लग काढून एकेका सिलिंडरचा दाब मोजला. मी वहीत आकडे लिहून घेतले. तिघांचे जवळजवळ सारखे. तिसऱ्या सिलिंडरचा मात्र त्यांच्यापेक्षा बराच खाली. थोडं तेल ओतून पुन्हा मोजलं तर आकडा वर आला. म्हणजे रिंगा गेल्या होत्या. अशा इंजिनावर टर्बो चढवणं म्हणजे आजारी उद्योगाला वाढीव कर्ज देणं. आम्ही दोघंही ते वाक्य एकाच वेळी म्हणालो, फक्त तिनं 'आजारी उद्योग' च्या जागी अमेरिकन शब्द वापरला.

इंजिन खोलणं आलं. पाच हजारांतला मोठा भाग तिथेच जाणार होता. आणि नवे पिस्टन घ्यायचे म्हटल्यावर मूळ प्रश्न टाळता येण्यासारखा राहिला नाही. जास्त दाबाचे पिस्टन घातले की पहिला मार्ग, टर्बोची वाट जवळजवळ बंद. कारखान्यातल्यासारखेच, नऊला एक या प्रमाणाचे, पण जास्त मजबूत घातले तर टर्बो पुढे केव्हाही. ऑर्डर रविवारी रात्री द्यायची होती.

"बाबा, सांगा."

मी वही ओढली. समुद्रकाठी वातावरणाचा दाब दर चौरस इंचाला १४.७ पौंड, डेन्व्हरला साधारण १२.२. टर्बोनं सहाच पौंड दाब द्यायचा असं तिनं धरलं होतं. म्हणजे त्यातले अडीच पौंड नुसती तूट भरून काढण्यात जाणार. अडीच पौंड हे कर्ज नव्हे, ती वसुली. खरं कर्ज साडेतीन पौंडांचं. एवढ्याला इंजिनाचं तारण पुरेसं होतं. मुंबईत, पणजीत, कुठल्याही समुद्रकाठच्या गावात तिनं विचारलं असतं तर मी आजही पहिलाच मार्ग सांगेन. तिथे वातावरण पुरेपूर देतं, तेव्हा अधिक हवं असेल तर श्वास वाढवावा. मी पानाच्या तळाशी लिहिलं: पिस्टन नऊला एक. टर्बो पुढच्या वर्षी, सहा पौंडांवर नाही. रेडिएटर आणि क्लच आधी. पेट्रोल ९१ ऑक्टेनचंच, डेन्व्हरच्या पंपावर मिळणारं ८५ चं स्वस्त पेट्रोल अजिबात नाही. आकस्मिक खर्च वीस टक्के. आणि सवयीनं खाली सही केली, तारीख घातली.

लेकीनं वही पाहिली. "मंजूर?" तिनं विचारलं.

"शिफारस," मी म्हणालो. "मंजुरी तुझी."

पुढचे तीन आठवडे मी गॅरेजमध्ये स्टुलावर बसून होतो. नट कुठल्या डबीत ठेवला हे लक्षात ठेवणं, दिवा धरणं, चहा करणं ही माझी कामं. ती कोपरापर्यंत ग्रीसमध्ये बुडालेली असायची आणि मला अधूनमधून तो संगणकाचा फॉर्म आठवायचा. बोललो नाही. एका संध्याकाळी तीच सिलिंडर पुसता पुसता म्हणाली, "तेव्हा फॉर्म बदलला असता तर हे काम मला आठ तास, सातही दिवस करावं लागलं असतं." हे माझ्या समाधानासाठी होतं की खरंच, मला ठरवता आलं नाही.

निघताना तिनं तिसऱ्या सिलिंडरचा जुना पिस्टन धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या बॅगेत घातला. मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या माणसानं तो बाहेर काढला, उलटासुलटा केला, बोटाला लागलेली काजळी पाहिली आणि याची किंमत किती म्हणून विचारलं. सध्या तो माझ्या टेबलावर, चालू कादंबरीच्या कागदांवर असतो. पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडत नाहीत.