सीबीसीतला भागाकार

लिव्हरच्या कॅन्सरची गाठ ऑपरेशनने काढली, तरी ती परत येण्याची धास्ती उरतेच. त्याचा थोडाफार अंदाज ऑपरेशनआधीच्या साध्या सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या, रिपोर्टात दडलेला असतो. फक्त भागाकार करायचा राहिलेला असतो.

सगळ्यात सोपा भागाकार म्हणजे एनएलआर: न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट. न्यूट्रोफिल या जंतू किंवा जखम दिसली की धावत सुटणाऱ्या पेशी. रक्तात त्यांचा मुक्काम जेमतेम दिवसभराचा. कॅन्सरच्या पेशी हुडकून मारण्यात लिम्फोसाइट तरबेज. वरचा आकडा फुगला आणि खालचा आटला, तर लक्षण बरं नाही.

2014 साली शांघायच्या फूदान विद्यापीठातल्या डॉक्टरांनी या गणितात प्लेटलेट्सही ओढल्या. प्लेटलेट्स गुणिले न्यूट्रोफिल, भागिले लिम्फोसाइट, नाव एसआयआय. प्लेटलेट्स कशाला? तर रक्तात भटकणाऱ्या कॅन्सरच्या पेशींना त्या चिकटतात आणि शरीराच्या पहारेकऱ्यांपासून झाकून ठेवतात. शांघायकरांनी रेषा आखली 330 वर. त्याच्या वर असलेल्यांत गाठ परतण्याचं प्रमाण जास्त निघालं.

आता खरी गंमत. एखाद्या धडधाकट माणसाचा रिपोर्ट घ्या. प्लेटलेट्स अडीच लाख, न्यूट्रोफिल 4000, लिम्फोसाइट 2000. हजारांत मांडलं तर 250 गुणिले 4 भागिले 2, म्हणजे 500. ठणठणीत माणूस सपशेल नापास! कारण सोपं आहे: चीनमध्ये लिव्हरचा कॅन्सर बहुतेकदा हेपॅटायटिस बी मागे लावतो. त्यात लिव्हर आक्रसतं, पाणथरी वाढते, प्लेटलेट्स तिच्यात अडकून पडतात आणि रक्तातला आकडा घसरतो. अशा रुग्णांवरून आखलेली रेषा कुणालाही लावायची नसते. मोबाइलवर स्वतःचा एसआयआय काढून झोप उडवून घेऊ नये, हा आमचा फुकटचा सल्ला. नुसती दाढ ठणकली किंवा स्टिरॉइडची गोळी चालू असली, तरी न्यूट्रोफिल चढतात.

शरीरात कुठे दाह झाला की रक्तात वाढणाऱ्या सीआरपीची कथा आणखी मजेदार. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना हे प्रथिन सापडलं, तेही न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. ते बनतं कुठे? लिव्हरमध्ये! म्हणजे आरोपीच पंचनामा लिहितोय. म्हणून लिव्हरचा मोठा तुकडा काढल्यावर सीआरपी फारसं चढलंच नाही, तर सर्जनच्या कपाळाला आठ्या पडू शकतात. एरवी ऑपरेशननंतर ते दोन-तीन दिवसांत उसळायलाच हवं.

अल्ब्युमिनही लिव्हरचंच उत्पादन. सीआरपी लिटरला 10 मिलिग्रॅमच्या वर, एक गुण. अल्ब्युमिन 35 ग्रॅमच्या खाली, आणखी एक. हा ग्लासगो स्कोअर. 2003 साली तो फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी मांडला गेला, मग लिव्हरवाल्यांनीही उचलला. दोनपैकी दोन मिळाले तर पेढे वाटायचे नाहीत, एवढंच.

डॉक्टर यातला कुठलाच आकडा एकटा वाचत नाहीत. गाठ केवढी, किती, ती रक्तवाहिनीत शिरली का, हे आधी. जोडीला एएफपी. गर्भातल्या बाळाचं लिव्हर हे प्रथिन भरभरून बनवतं, जन्मानंतर ते जवळजवळ बंद होतं. 1963 मध्ये सोव्हिएत संशोधक गॅरी अबेलेव्ह यांना ते लिव्हरच्या गाठी झालेल्या उंदरांत पुन्हा दिसलं आणि कॅन्सरची रक्तात शोधता येणारी खूण हाती लागली. काही गाठी मात्र एएफपी वाढवतच नाहीत.