कसबा बावड्याहून सिंधुदुर्ग : तीन दिवसांची विश्रांती

कोल्हापूर शहराच्या उत्तर भागात, पंचगंगेच्या काठी वसलेल्या कसबा बावड्याचे जीवन पाण्याशी बांधलेले आहे. उसाची शेती आणि छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना यांचा आधार हे पाणीच होय. पावसाळ्यात मात्र त्याच पाण्याची चिंता वाहावी लागते. येथील राजाराम बंधाऱ्यावर नदीची पातळी मोजली जाते. ३९ फुटांवर इशारा व ४३ फुटांवर धोका, हे आकडे बावड्यातील शाळकरी मुलांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ही पातळी ५५ फुटांपलीकडे गेली होती. पावसाळा सरतो न सरतो तोच ऊसतोडणीचा व गाळपाचा हंगाम सुरू होतो. अशा गावातील शेतकऱ्याला, कामगाराला वा कचेरीतील कर्मचाऱ्याला जोडून आलेल्या सुटीचे तीन दिवस लाभले, तर ते कोठे आणि कसे घालवावेत, हा प्रश्न वरवर दिसतो तितका किरकोळ नाही.

विश्रांती हाही हक्क

श्रमिकांना आठवड्याची सुटी आपोआप मिळालेली नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांना रविवारची सुटी मिळावी म्हणून सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे लढा दिला. १० जून १८९० पासून ती सुटी मान्य झाली. पुढे महाराष्ट्र शासनाने आपल्या कार्यालयांसाठी २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू केला. शनिवार-रविवारला लागून सोमवारी किंवा शुक्रवारी एखादा सण आला, की सलग तीन दिवस मोकळे मिळतात. शेतकऱ्याला व दुकानदाराला पंचांगातील अशा सुट्या लागू नसल्या, तरी दोन हंगामांमधील फट त्यालाही साधता येते.

हक्काने मिळालेला हा वेळ धावपळीत दवडला, तर परतणारा मनुष्य गेला होता त्याहून अधिक थकलेला असतो. म्हणूनच दूरची, अनेक ठिकाणांची यात्रा करण्यापेक्षा एकच ठिकाण निवडणे हिताचे. कोल्हापूरकरांना असे ठिकाण सुमारे दीडशे-एकशे साठ किलोमीटर अंतरावर उपलब्ध आहे. ते म्हणजे मालवणचा समुद्रकिनारा आणि त्यासमोरील कुरटे बेटावर उभा असलेला सिंधुदुर्ग.

घाटापलीकडची वाट

कोल्हापूरहून मालवणास जाण्यासाठी मुख्यतः दोन वाटा आहेत. एक गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा घाटाने वैभववाडीकडे उतरते. दुसरी राधानगरी, दाजीपूर व फोंडा घाट या मार्गाने कणकवलीकडे जाते. पावसाळ्यात दरडी कोसळून घाट बंद पडण्याचा संभव असल्याने निघण्यापूर्वी एस. टी. स्थानकावर चौकशी करणे इष्ट.

यांपैकी राधानगरीची वाट बावडेकरांना विशेष जवळची वाटावी अशी आहे. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांच्या पाण्याने पंचगंगा सिद्ध होते. त्यांपैकी भोगावतीवरील राधानगरी धरण राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हाती घेतले व स्वातंत्र्यानंतर ते पूर्णत्वास गेले. या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे उघडल्याची वार्ता आली, की बावड्यात नदीकडे डोळे लागतात. प्रवासात या जलाशयाचे दर्शन घडते आणि ज्या पाण्याची आपण बंधाऱ्यावर वाट पाहतो, ते कोठून येते, याचा उलगडा होतो. पुढे दाजीपूरचे अरण्य लागते. गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे अभयारण्य १९५८ पासूनचे आहे. सह्याद्रीचा माथा ओलांडला, की नद्यांची दिशाच पालटते. माथ्याच्या पूर्वेस पडलेला थेंब कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जातो, तर पश्चिमेस पडलेला थेंब थोड्याच अवधीत अरबी समुद्र गाठतो.

कोल्हापूरशी जडलेले बेट

सिंधुदुर्गाच्या बांधकामास २५ नोव्हेंबर १६६४ रोजी प्रारंभ झाला. किनाऱ्यावरील 'मोरयाचा धोंडा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खडकापाशी शिवछत्रपतींच्या हस्ते त्याचे पूजन झाले, असे मानले जाते. सुमारे ४८ एकरांच्या बेटाभोवती जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा, नागमोडी वळणांचा तट उभा राहिला आणि १६६७ मध्ये काम पूर्ण झाले. दरवाजा तटाच्या वळणांत असा दडविलेला आहे, की होडी अगदी जवळ येईपर्यंत तो नजरेस पडत नाही.

छत्रपतींच्या घराण्याच्या सातारा व कोल्हापूर अशा दोन शाखा झाल्यावर हा जलदुर्ग कोल्हापूरकडे राहिला. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला व त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले. मात्र लवकरच तो त्यांना परत करावा लागला. अखेर १८१२ च्या तहान्वये मालवण बंदरासह तो इंग्रजांकडे गेला. राजकीय संबंध तुटला, तरी श्रद्धेचा धागा तुटला नाही. किल्ल्यातील शिवराजेश्वर मंदिरात शिवछत्रपतींची मूर्ती असून तिची नित्य पूजा होते. नेहमीच्या चित्रांतील दाढी या मूर्तीस नाही, हे पाहणाऱ्याच्या चटकन ध्यानात येते. या मंदिराचा सभामंडप कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी बांधविला. २६ जून १८७४ रोजी कसबा बावड्यातील लक्ष्मी-विलास राजवाड्यात जन्मलेल्या राजाची ही सेवा समुद्रातील बेटावर उभी आहे. बावड्यातून येणाऱ्या प्रवाशाने या मंडपात दोन घटका बसावे, यात औचित्य आहे.

खाऱ्या समुद्रातील गोडे पाणी

बेटावर पाऊल ठेवणाऱ्यास सर्वांत मोठे आश्चर्य वाटते ते दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींचे. चहूकडे खारा समुद्र आणि मध्यभागी पिण्याजोगे गोडे पाणी. यामागे चमत्कार नसून निसर्गाचा साधा नियम आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व तो प्रामुख्याने चार महिन्यांत पडतो. बेटावर पडलेल्या पावसाचा काही भाग जमिनीत व खडकांच्या भेगांत मुरतो. समुद्राचे पाणी क्षारांमुळे गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. त्यामुळे मुरलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्यात सहजी मिसळून न जाता त्याच्यावर तरंगत राहते. त्याचा थर मध्यभागी जाड व कडेला पातळ, म्हणजे भिंगासारखा असतो. योग्य जागी, बेताच्या खोलीची विहीर खणली तर हे पाणी हाती लागते.

परंतु हा ठेवा मर्यादित असतो. सच्छिद्र खडकाच्या बेटांबाबत असा सर्वसाधारण नियम आहे, की गोड्या पाण्याची पातळी एक मीटरने खाली गेल्यास खालचे खारे पाणी सुमारे चाळीस मीटर वर सरकू शकते. एकदा खारे झालेले पाणी पुन्हा गोडे होण्यास अनेक पावसाळे लागतात. म्हणून बेटावरचा माणूस पाणी मोजून वापरतो. किल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी काही कुटुंबे हा संयम पाळत आली आहेत. पुराचे पाणी फुटांनी मोजणाऱ्या बावडेकराला येथे पाणी घागरींनी मोजले जाताना दिसते. एका ठिकाणी पाण्याचे भय आहे, दुसऱ्या ठिकाणी त्याची जपणूक. मोजमाप मात्र दोन्हीकडे जीवनाचे अंग झाले आहे.

भरती-ओहोटीचे घड्याळ

मुक्काम मालवणात किंवा जवळच्या तारकर्ली-देवबाग परिसरात करावा. एक सकाळ बेटासाठी आणि उरलेला वेळ किनाऱ्यासाठी, एवढाच बेत पुरेसा आहे. समुद्राकाठी भरती-ओहोटीचेच घड्याळ चालते. दिवसातून दोनदा पाणी चढते व दोनदा उतरते आणि रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. भोंग्यावर व हजेरीपटावर चालणाऱ्या मनाला हा सावकाश बदलणारा क्रम मोठा दिलासा देतो.

सकाळी किनाऱ्यावर रापण ओढली जात असेल, तर ती अवश्य पाहावी. होडीतून अर्धवर्तुळात मोठे जाळे सोडले जाते. मग त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेक माणसे मिळून ओढतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. यांत्रिक मासेमारी वाढल्यापासून रापणकरांचे उत्पन्न घटले आहे. तरीही या पद्धतीतील सहकार, सहकारी साखर कारखानदारीत वाढलेल्या कोल्हापूरकराला परका वाटणार नाही. दुपारी भात, बांगड्याचे तिखले व सोलकढी असे जेवण झाल्यावर माडांच्या सावलीत काही न करणे, हाही कार्यक्रमाचाच भाग समजावा.

अशा प्रवासात सोबतीस एखादा जुना स्नेही असावा. सहल मोठ्या जमावाची असली, की जेवणाच्या व निघण्याच्या वेळा ठरविण्यातच दिवस सरतो. दोघे असले म्हणजे बोलण्यास सवड मिळते आणि गप्प राहण्यासही संकोच वाटत नाही. एकाच गल्लीत राहूनही कामाच्या रगाड्यात वर्षभर चार शब्द न बोललेले मित्र तटावर शेजारी बसून समुद्र पाहतात, तेव्हा पीकपाणी, मुलांची शिक्षणे, घरातील आजारपण असे मनातील विषय आपोआप ओठांवर येतात. औषधाने न साधणारे काम त्यामुळे पुष्कळदा साधून जाते.

पाहुण्याचे कर्तव्य

१९८१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत कोल्हापूरजवळचा पन्हाळा आहे, तसाच सिंधुदुर्गही आहे. या मानाबरोबर गर्दीही वाढते. जोडून आलेल्या सुट्यांत शेकडो माणसे लहानशा बेटावर एकाच वेळी उतरली, तर विहिरी, तट आणि रहिवासी या सर्वांवर ताण पडतो. शक्य असेल त्यांनी ऐन गर्दीचे दिवस टाळून मधल्या वारी जाणे सर्वांच्याच सोयीचे.

किल्ल्याभोवतीचा समुद्रही तितकाच नाजूक आहे. १९८७ मध्ये घोषित झालेल्या सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या मालवण सागरी अभयारण्याच्या गाभा क्षेत्रात सिंधुदुर्ग व पद्मगड यांचा परिसर येतो. येथील पाण्याखाली प्रवाळ आहेत. दगडासारखे दिसणारे प्रवाळ हे सजीव असून ते अत्यंत मंद गतीने वाढतात. बुडी मारणाऱ्याने त्यावर पाय ठेवला, तरी अनेक वर्षांची वाढ मोडते. ते तोडणे वा बाळगणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे.

पाहुण्याने पाळावयाचे नियम थोडके आहेत. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे. प्लॅस्टिकचा कचरा बेटावर वा समुद्रात न टाकता परत आणावा. तटावर नावे कोरू नयेत. विहिरीच्या काठी हातपाय धुऊ नयेत. होडीवाल्याने दिलेली परतीची वेळ पाळावी आणि होडीत जीवरक्षक जाकीट घालण्यास कमीपणा मानू नये. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना प्रवासी होड्या बंद असतात. त्या काळात बेटावर जाण्याचा आग्रह कोणाकडेही धरू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा.

साडेतीनशेहून अधिक वर्षांचा हा दुर्ग अजून नांदता आहे, याचे एक कारण त्याच्या तटाचे बळ आणि दुसरे त्याच्या विहिरींतील गोडे पाणी. तटाने शत्रूला थोपविले आणि पाण्याने आतल्या माणसांना जगविले. शत्रूचे भय आता उरलेले नाही, परंतु विहिरी जपण्याचे काम अजून शिल्लक आहे आणि त्यात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा वाटा आहे. तीन दिवसांनी घाट चढून बावड्यास परतणाऱ्या दोघा मित्रांनी आपल्या घरचा नळ थोडा जपून सोडला, तरी त्यांची सुटी सार्थकी लागली असे म्हणता येईल.