घरखर्च आणि मिळकतीचे पंचांग

एखादे कुटुंब बाजारातून काय आणते, हे कोणी त्याच्या ऐपतीवरून ठरते म्हणतात, कोणी रूढीवरून. आम्हांस असे वाटते की, मिळकत किती यापेक्षा ती केव्हा हाती येते हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आणि रूढी बहुधा त्या वेळेशी हातमिळवणी करून राहते.

आमच्या फैजपूरकडचेच पाहा. खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दिवाळीच्या तोडीची मानतात. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, खापरावरच्या पुरणपोळ्या होतात, साडी-चोळीची खरेदी होते. सालदाराचे वर्ष याच दिवशी संपते आणि नव्या सालाचा करारही याच दिवशी होतो. तिथी शास्त्राने दिली हे खरे. पण तिला एवढा मान खळ्याने मिळवून दिला. रब्बीची दादर, गहू, हरभरा तोवर घरात आलेला असतो, आणि मृगापर्यंत शेतास फारसे काम नसते. हीच आखाजी भाद्रपदात येती तर एवढ्या थाटाने साजरी झाली असती काय, याचा वाचकांनीच विचार करावा.

वर्षाची साठवणही याच हिशेबातली. ज्याची मिळकत वर्षातून एकदा, त्याची खरेदीही एकदा. चैत्र-वैशाखात धान्य स्वस्त असते. तेव्हा गहू उन्हे देऊन, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरावा, उडदाचे पापड लाटावेत, तिखट कुटून ठेवावे. एकत्र कुटुंबात हे साधे, कारण लाटणाऱ्या हातांस तोटा नसे. (त्या हातांचा मोबदला मात्र कोणत्याही जमाखर्चात मांडलेला आढळत नाही.) पगारदाराने महिन्याच्या किराण्याची यादी केली. रोजंदारीवाल्याच्या वाट्यास आली ती पुडी. तेल, चहा, साखर तो पुडीपुडीने घेतो, आणि शेराच्या हिशेबाने पाहिल्यास बहुधा सुखवस्तू माणसाहून महाग घेतो. त्यास उधळा म्हणणे अन्यायाचे आहे. एकदम घेण्यास लागणारी रक्कम त्याच्या हाती कधी एकदम येतच नाही.

हे केवळ आपल्याकडेच आहे असे नव्हे. जपानात नोकरदारांस उन्हाळ्यात व डिसेंबरात असा दोनदा बोनस देण्याची चाल आहे. 'ओचूगेन' आणि 'ओसेइबो' या नावांनी वडीलधाऱ्यांस व उपकारकर्त्यांस भेटी पाठविण्याच्या प्रथाही त्याच दोन सुमारांस पाळल्या जातात. प्रथा जुन्या, बोनस नवा. दोघांचे सूत मात्र उत्तम जमले.

मिळकतीचे हे पंचांग अकस्मात बिघडले म्हणजे काय होते, ते खान्देशाने एकदा पाहिले आहे. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाचे भाव अकल्पित चढले. दागदागिने व लग्नकार्ये यांस ऊत आला. गाडीच्या चाकांस रुप्याच्या धावा चढविल्याच्या आख्यायिका कापूसपट्ट्यात सांगत. 1865 साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. खर्चाची सवय मात्र भावाबरोबर खाली उतरली नाही, आणि तिचा भार सावकाराच्या वहीत चढला.

आज पुन्हा हिशेब बदलत आहे. सरकारी पाहणीनुसार 1999-2000 मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा शेकडा 59 होता. 2022-23 मध्ये तो 46 वर आला. तृणधान्यांचा वाटा तर सुमारे 22 वरून 5 च्या आसपास उतरला, आणि पेये व तयार खाद्यपदार्थ यांनी 9 चा आकडा ओलांडला. अन्नाचा वाटा घटणे हे सुबत्तेचे लक्षण, असा सिद्धान्त जर्मन संख्याशास्त्रज्ञ एंगेल यांनी 1857 मध्येच मांडला होता, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु उरलेला पैसा पुष्कळ घरी हप्त्यांकडे वळला आहे. साठवणीत मिळकत आधी आणि खरेदी मागून. हप्त्यात वस्तू आधी येते आणि पुढल्या दोन वर्षांची मिळकत तिच्यामागे बांधली जाते. ऋण काढून तूप पिण्याचा उपदेश चार्वाकाच्या माथी मारण्यात येतो. पण त्याच्या तुपावर निदान मासिक व्याज तरी नव्हते!

यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात तर ही गोष्ट अधिक जपून पाहावयास हवी. केळीचे पीक सुमारे वर्षभर जमिनीत उभे असते, आणि वैशाखातील एका वादळी सायंकाळी सारी बाग आडवी होऊ शकते. हप्त्याची तारीख मात्र वाऱ्याने हलत नाही. अशा घरी कोठीत वर्षाचे धान्य भरलेले आहे की किराण्याच्या दुकानावर भिस्त आहे, यावर पुढले आठ महिने कसे जावयाचे ते ठरते.