जुलाबांत पाणी तोडूं नका

मुलास जुलाब होऊं लागले कीं घरांतील वडील माणसें प्रथम त्याचें पाणी तोडीत. माझ्या लहानपणीं माझा धाकटा भाऊ 'पाणी, पाणी' म्हणून रडत होता आणि आई मायेपोटींच तें नाकारीत होती. तो वांचला, हें आमचें भाग्य. हा समज अजूनहि अनेक घरांत आढळतो.

वस्तुतः असें मूल बहुधा शरीरांतील पाणी व क्षार आटल्यामुळें दगावतें. आंतडें आजारी असलें तरी साखरेबरोबर मीठ शोषून घेण्याची त्याची शक्ति शाबूत राहते, आणि मिठापाठोपाठ पाणी शरीरांत जातें. १९७१ सालीं पश्चिम बंगालमधील बनगांव येथें निर्वासितांत पटकीची सांथ उद्भवली व शिरेंतून द्यावयाचें सलाइन अपुरें पडलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं असेंच पाणी नातेवाइकांच्या हातून रोग्यांस पाजविलें. मृत्यूचें प्रमाण सुमारें शेंकडा ३० वरून ४ च्या खालीं आलें.

ओआरएसची पुडी तिच्यावरील मापानेंच विरघळवावी. पुडी नसल्यास उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यांत चहाचे सपाट ६ चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावें. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो. तें चमच्याचमच्यानें पाजावें. वांती झाल्यास १० मिनिटें थांबून पुन्हां आरंभ करावा. अंगावरचें दूध व नेहमींचें अन्न चालूं ठेवावें. मूल सुस्त पडलें, पिईनासें झालें, डोळे खोल गेले वा शौचांतून रक्त पडलें, तर तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें.

तहानलेल्या मुलास पाणी नाकारणें, ही माया नव्हे.