अवकल समीकरणांचे आंतरजालीय गणक
अवकल समीकरणाचा संख्यात्मक निर्वाह (उत्तर) पायरीपायरीने काढून दाखविणारी शैक्षणिक साधने. समीकरण, आरंभमूल्य व पदांतर दिले असता ती ऑयलर (१७६८) किंवा रुंगे–कुट्टा (१८९५–१९०१) पद्धतीने मूल्यांचे कोष्टक मांडतात. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील ‘फॉसी’ प्रकल्पाने सायलॅब ही मुक्त प्रणाली आंतरजालावर चालविण्याची सोय केली. त्यामुळे ती स्वतःच्या संगणकावर न बसविताही विद्यार्थ्यास वापरता येते.

गणकाचा आकडा मात्र पारखून घ्यावा लागतो. एखाद्या राशीच्या बदलाचा दर तिच्या −१० पट व आरंभमूल्य १ असल्यास ती झपाट्याने शून्याकडे उतरते. परंतु पदांतर ०.३ घेतल्यास ऑयलर पद्धत १, −२, ४, −८ अशी फुगत जाणारी मूल्ये देते. दोष यंत्राचा नव्हे, पदांतराचा. ते ०.०५ केल्यास मूल्ये १, ०.५, ०.२५ अशी उतरतात. तरीही पहिल्या पायरीचे खरे मूल्य सुमारे ०.६०७ असते.