मुळशीहून डेन्मार्कच्या लोकविद्यालयात : खर्चाची तजवीज

पौड हे मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण. शाळा-महाविद्यालये उघडण्याच्या सुमारास येथील तहसील कार्यालयात उत्पन्नाचे, जातीचे व रहिवासाचे दाखले मिळविण्यासाठी विद्यार्थी आणि पालक यांची गर्दी होते. यांतील बहुतेक दाखले देशातील शिष्यवृत्त्यांसाठी लागतात. तथापि हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान वसाहत याच तालुक्यात असल्यामुळे परदेशाची वाट आता येथील तरुणांना अगदीच अनोळखी राहिलेली नाही. डेन्मार्कमधील ‘फोल्केहोयस्कोले’, म्हणजे लोकविद्यालय, ही अशीच एक वाट आहे. तिच्याविषयी कोणी विचारणा केल्यास योग्य सल्ला देता यावा, यासाठी शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी तेथील खर्चाची रीत समजून घेणे अगत्याचे आहे; कारण ती आपल्याकडील शिष्यवृत्त्यांच्या रीतीशी मुळातच जुळत नाही.

परीक्षा नसलेली शाळा

डॅनिश धर्मोपदेशक व कवी ग्रुंटविग (१७८३-१८७२) यांच्या विचारांतून ही विद्यालये निर्माण झाली. पहिले विद्यालय १८४४ साली रोडिंग येथे निघाले. शेतकऱ्यांच्या मुलांनी हिवाळ्यात, शेतीची कामे थंडावलेली असताना, काही महिने एकत्र राहावे, इतिहास, भाषा व देशाचा कारभार समजून घ्यावा आणि पुन्हा आपल्या शेतावर परतावे, अशी ही योजना होती. पुढे मुलींसाठी उन्हाळी सत्रे सुरू झाली. १८८२ नंतर डेन्मार्कमध्ये सहकारी दुग्धशाळांचा जो झपाट्याने प्रसार झाला, त्यामागे या विद्यालयांतून तयार झालेली पिढी होती, असे अनेक अभ्यासक मानतात. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

आजही या विद्यालयांत परीक्षा नाही, गुणपत्रिका नाही आणि पदवीही नाही. प्रवेशासाठी वयाची साडेसतरा वर्षे पूर्ण असावी लागतात. विद्यार्थी व शिक्षक एकाच आवारात राहतात, एकत्र जेवतात आणि स्वयंपाकघरातील व साफसफाईची कामेही विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतात. बहुतेक विद्यालयांचा कारभार डॅनिश भाषेत चालतो. परदेशी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे हेलसिंगोर येथील इंटरनॅशनल पीपल्स कॉलेज. तेथे इंग्रजीतून शिक्षण दिले जाते. पीटर मानिके यांनी त्याची स्थापना १९२१ साली केली. मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाने गाजलेला सत्याग्रह याच वर्षी सुरू झाला होता, हा केवळ योगायोग.

भारताला ही कल्पना नवीन नाही. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) ग्रामीण विद्यापीठांचा विचार करताना डेन्मार्कच्या लोकविद्यालयांचा दाखला दिला होता. पुढे केंद्र शासनाने ग्रामीण उच्च शिक्षणाच्या ज्या संस्था उभ्या करण्यास साहाय्य केले, त्यांत कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीचे श्री मौनी विद्यापीठ आणि अमरावतीची संस्था यांचा समावेश होता. या संस्था कालांतराने पदवी व पदविकांच्या नेहमीच्या चौकटीत आल्या. आपल्याकडे प्रमाणपत्रावाचून शिक्षणाला किंमत येत नाही, हे त्याचे कारण असावे.

पैसा येतो कोठून ?

डेन्मार्कचे शासन या विद्यालयांना अनुदान देते. कोणत्या विद्यालयात किती विद्यार्थी किती आठवडे राहिले, यावर त्याची आकारणी होते. अनुदान मिळते ते विद्यालयाला, विद्यार्थ्याच्या हाती काही पडत नाही. शिक्षणाचा काही भार त्यामुळे हलका होतो. परंतु निवास, भोजन व अध्यापन यांपोटी दर आठवड्याचे शुल्क विद्यार्थ्यालाच भरावे लागते. डॅनिश विद्यार्थ्यांना विद्यापीठीय शिक्षणासाठी शासनाकडून जो मासिक निर्वाह भत्ता मिळतो, तोदेखील लोकविद्यालयासाठी मिळत नाही. म्हणूनच तेथील अनेक तरुण शालेय शिक्षण संपल्यावर काही महिने नोकरी करून पैसे साठवितात आणि मग लोकविद्यालयात जातात.

भारतीय विद्यार्थ्यासाठी मदतीचा मुख्य मार्ग म्हणजे त्या त्या विद्यालयाने स्वतःच्या निधीतून दिलेली शुल्क-सवलत. प्रत्येक विद्यालयाचे नियम वेगळे असतात. मिळणारी सवलत बहुधा अंशतः असते, आणि विमान प्रवास, विमा व निवास परवान्याचे शुल्क हा खर्च तिच्याबाहेर राहतो, असे धरूनच हिशेब मांडावा.

आपल्या शिष्यवृत्त्या येथे का लागू पडत नाहीत

परदेशी शिक्षणासाठी शासनाच्या योजना कमी नाहीत. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठी केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. राज्यात अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. मराठा व कुणबी समाजांतील विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’ संस्थेमार्फत महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची योजना राबविली जाते. अनुसूचित जमातींसाठी केंद्राची स्वतंत्र योजना असून मुळशीतील कातकरी व महादेव कोळी समाजांतील पदवीधरांनी तिची माहिती अवश्य करून घ्यावी.

मात्र या साऱ्या योजना पदव्युत्तर पदवी वा पीएच.डी. यांसारख्या उच्च शिक्षणासाठी आहेत. केंद्राच्या तसेच राज्याच्या शिष्यवृत्तीत विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतील स्थानही पाहिले जाते. लोकविद्यालय पदवी देत नाही आणि त्याला क्रमवारीत स्थान असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अर्ज कितीही काळजीपूर्वक भरला तरी तो नियमात बसणार नाही. अर्जदाराला हे आरंभीच सांगितले तर त्याचे हेलपाटे वाचतील.

बँकांच्या शैक्षणिक कर्जाचेही तसेच आहे. परदेशातील व्यावसायिक वा तांत्रिक, रोजगाराभिमुख अभ्यासक्रम डोळ्यांपुढे ठेवून या कर्जाचे नियम झालेले आहेत. मग उरतो तो घरचा पैसा, आणि मुळशीत घरचा पैसा म्हणजे पुष्कळदा जमीन. धरणाखाली गेलेली गावे आणि पुढील काळात वसाहती व बंगल्यांसाठी विकली गेलेली शेते यांमुळे अनेक कुटुंबांकडे थोडेच गुंठे शिल्लक आहेत. ज्या शिक्षणाने पदवी मिळत नाही आणि नोकरीची हमीही मिळत नाही, त्यासाठी हे उरलेले गुंठे विकू नयेत, असा सल्ला देण्यास शिक्षकांनी किंवा सरपंचांनी संकोच करण्याचे कारण नाही. लोकविद्यालयातून तेथे कायमची नोकरी लावून देतो, असे कोणी मध्यस्थ सांगू लागल्यास त्याच्यापासून दूरच राहावे.

याचा अर्थ लोकविद्यालयाचा विचारच करू नये, असा नव्हे. ग्रामसंस्थांत काम करणारे कार्यकर्ते, काही वर्षे नोकरी केलेले तरुण, दीर्घ रजा मिळू शकणारे शिक्षक यांना चार-सहा महिन्यांचा हा सहवास पुष्कळ काही देऊन जाईल. खर्चाचा मोठा भाग बचतीतून आणि उरलेला विद्यालयाच्या सवलतीतून भागत असेल, तर हा बेत व्यवहार्य ठरतो.

डोंगरावरचे एक उदाहरण

गरजेनुसार मदत ही पद्धत पाहण्यासाठी मुळशीकरांना फार दूर जावे लागत नाही. पौडजवळील खुबवली गावच्या डोंगरावर १९९७ पासून महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज चालू आहे. अनेक देशांतील विद्यार्थी तेथे दोन वर्षे एकत्र राहून शिकतात. हे लोकविद्यालय नव्हे. येथे आंतरराष्ट्रीय पदविकेची परीक्षा द्यावी लागते व विद्यार्थी सोळा ते एकोणीस वर्षांच्या आसपासचे असतात. पण सहजीवन हाच शिक्षणाचा भाग मानणे ही गोष्ट दोहोंत समान आहे. येथे आधी विद्यार्थ्याची निवड होते आणि त्यानंतर कुटुंबाची ऐपत पाहून आर्थिक साहाय्य ठरते. तालुक्यातील दहावी झालेल्या हुशार मुलामुलींच्या पालकांनी या संस्थेची चौकशी करावी. ती डेन्मार्कच्या चौकशीपेक्षा सोपी आहे आणि तिच्या शेवटी हाती प्रमाणपत्रही पडते.

अर्ज करण्यापूर्वी

ज्यांना डेन्मार्कलाच जावयाचे आहे, त्यांनी प्रथम विद्यालयाकडून एकूण आठवड्यांचे शुल्क, त्यात काय समाविष्ट आहे आणि सवलत किती, हे लेखी मागवावे. प्रवेश न झाल्यास किंवा परवाना नाकारला गेल्यास भरलेली रक्कम किती परत मिळेल, हेही त्याच पत्रात विचारावे. ही चौकशी पुष्कळदा राहून जाते. निवास परवान्यासाठी प्रवेशाचा व खर्च भागविण्याच्या ऐपतीचा पुरावा लागतो. तेथे काम करून खर्च काढू, असे गृहीत धरू नये. सवलतीसाठी उत्पन्नाचा पुरावा मागितला गेल्यास तहसीलदारांचा मराठी दाखला चालणार नाही; त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्यावे. दीर्घ सत्रे बहुधा जानेवारी व ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि परवान्याच्या कामात बराच काळ जातो. त्यामुळे ऑगस्टच्या सत्रासाठीचा दाखला जूनच्या गर्दीत काढून भागणार नाही. तो आधीच्या हिवाळ्यातच हाती असावा.